जाम झालेले सस्पेन्शन सोडवताना: जुनी गाडी घरी उघडणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचा, म्हणजे चाके बॉडीला जोडून धक्के सोसणाऱ्या यंत्रणेचा, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) किंवा टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बदलायचा म्हटले की नवा भाग बसवायला अर्धा तास पुरतो, पण जुना भाग काढण्यात अख्खा दिवस मोडतो. माझ्याकडे १९९९ सालची मारुती झेन आहे आणि गेली बारा वर्षे तिचे सस्पेन्शन मी जुळे सोलापुरातील घराच्या अंगणात स्वतः उघडत आलो आहे. या काळात माझ्या हातून बोल्ट तुटले, आटे बिघडले आणि एकदा तर चांगला नकल (ज्यावर चाक बसते तो भाग) लेथवर नेण्याची वेळ आली. प्रत्येक नुकसानीचे कारण शोधताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली, ती अशी की आपण ‘जाम’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या अवस्थांसाठी वापरतो आणि एका अवस्थेचा उपाय दुसरीवर केला की भाग तुटतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी आपल्यासमोर कोणती अवस्था आहे हे ओळखणे, हे या कामातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळे येथील गाड्या गंजत नाहीत, असा समज आहे. पत्र्याच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे; कोकणातून आलेल्या गाडीचे दरवाजे खालून जसे कुजलेले असतात, तसे येथील गाडीचे सहसा नसतात. सस्पेन्शनचे मात्र तसे नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. शेतरस्त्यावरून आलेली गाडी तशीच उभी राहिली, की लोअर आर्मच्या खोबणीत बसलेला चिखल वरून वाळतो आणि आतून कित्येक दिवस ओला राहतो. त्यातच अनेकजण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने गाडी धुतात. पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार नटाच्या फटीत साचत राहतो. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या रस्त्यांवरून गाडी चालली की बुश (सांध्यातले रबरी कडे) आणि बॉल जॉईंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) लवकर ढिले होतात, म्हणजे जे भाग सर्वांत जास्त गंजतात तेच वारंवार काढण्याची वेळ येते.

तीन अवस्था

पहिली अवस्था म्हणजे आट्यांतील गंज. गंज ज्या लोखंडापासून तयार होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली केसाएवढी फट त्याने भरली, की दोन्ही एकमेकांत पाचर ठोकल्यासारखे घट्ट होतात. येथे तेल, उष्णता आणि हलके धक्के उपयोगी पडतात.

दुसरी अवस्था म्हणजे टेपरची पकड. टाय रॉड एंडचा आणि अनेक गाड्यांतील बॉल जॉईंटचा दांडा किंचित निमुळता असतो आणि तशाच निमुळत्या छिद्रात ओढून बसवलेला असतो. नट पूर्ण काढला तरी तो हलत नाही, आणि त्याचे कारण गंज असेलच असे नाही. कोऱ्या गाडीचा टेपरही तसाच धरून बसतो, कारण त्याची रचनाच धरून बसण्यासाठी केलेली आहे. येथे तेलाचा फारसा उपयोग होत नाही. अचूक जागी बसलेला एक जोरदार धक्काच तो सोडवतो.

तिसरी अवस्था सर्वांत चिवट आहे. लोअर आर्मच्या रबरी बुशमध्ये लोखंडी नळी असते आणि तिच्यातून लांब बोल्ट आरपार जातो. बोल्ट आणि नळी यांच्यात पाणी शिरले, की दोन-तीन इंच लांबीभर गंज चढतो आणि बोल्ट नळीशी एकजीव होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. नट निघून गेल्यावर बोल्टचे डोके पान्याने फिरवावे. ते थोडे फिरून, पाना सैल सोडताच आपोआप मागे येत असेल, तर आपण बोल्ट फिरवत नसून बुशचे रबर पिळत आहोत, असे समजावे. ही खूण दिसल्यावर त्याच दिशेने आणखी जोर लावण्यात अर्थ नसतो.

काम सुरू करण्याच्या तीन दिवस आधी

जाम भाग सोडवण्याचे काम शनिवारी करायचे असेल तर ते बुधवारी सुरू झाले पाहिजे. प्रथम तारेच्या ब्रशने नटाभोवतीची माती, जुने ग्रीस आणि बाहेर आलेले मोकळे आटे चांगले घासून घ्यावेत, कारण मातीच्या थरावर ओतलेले तेल मातीच पिते. काही गाड्यांत बोल्ट बॉडीला वेल्ड केलेल्या नटात बसतो. तेथे बोल्टचे जे टोक नटापलीकडे बाहेर आलेले असते तेही शोधून घासावे, कारण तेथील गंज आट्यांतून ओढला गेला तर वेल्ड केलेला नटच आतल्या आत सुटतो, आणि मग पत्रा कापून खिडकी करण्याखेरीज मार्ग उरत नाही.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ तेल द्यावे. डब्ल्यूडी-४० बहुतेक घरांत असते. त्याच्या नावातील डब्ल्यूडी ही अक्षरे पाणी हटवण्याच्या गुणावरून आली आहेत आणि ४० हा तो बनवताना यशस्वी ठरलेल्या चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा आहे. वेळ दिला तर तेही काम करते, पण फटीत शिरण्यासाठीच बनवलेले पेनिट्रेटिंग तेल अधिक चांगले. गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेल वापरतात, तेही अगदी निरुपयोगी नाही. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अॅसिटोन निम्मे-निम्मे घेऊन केलेले मिश्रण मी वापरतो. ते लवकर वेगळे होते, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्यावे लागते. अॅसिटोन झटकन पेट घेते आणि प्लास्टिक व रंग खराब करते, हे लक्षात ठेवूनच ते हाताळावे. कोणतेही तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडणार नाही यासाठी त्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधावी. दाबाखालचा स्प्रे डबा मे महिन्यात डिकीत ठेवू नये. आपल्याकडे सावलीतला पारा ४२ अंशांवर जातो आणि बंद गाडीत त्याहून खूपच वर, तर असे डबे साधारणपणे ५० अंशांच्या वर तापू देऊ नयेत अशी सूचना त्यांच्यावरच छापलेली असते.

तेल दिल्यावर दर वेळी बोल्टच्या डोक्यावर आणि नटाच्या बाजूंवर लहान हातोडीने दहा-वीस हलके ठोके द्यावेत. या ठोक्यांनी गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मला हे एका वयस्क मिस्त्रींनी शिकवले. ते ठोकताना कान लावून ऐकत असत. जाम नटाचा आवाज बोल्टसकट एकच, घट्ट येतो. आतली पकड सुटू लागली की तो थोडा फुटका येतो. हा फरक ऐकू येण्यास मला दोन-तीन वर्षे लागली, पण आता मी तो ऐकल्याशिवाय पाइप हातात घेत नाही.

गाडी उचलणे

या भागात मी कोणतीही सवलत सुचवणार नाही. जाम बोल्टसाठी आपण गाडीला हिसके देणार असतो, त्यामुळे केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. चाकांचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी लावाव्यात आणि गाडी उचलल्यावर, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात तो स्टँड, कंपनीने नेमून दिलेल्या मजबूत जागेखाली लावावा. अंगण मातीचे असेल तर जॅक आणि घोडी या दोन्हींखाली जाड फळी घालावी. काळ्या मातीत घोडीचे पाय पाहता पाहता रुततात. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. शेवटी गाडीला उभ्यानेच जोराने हलवून पाहावे. ती हलायची असेल तर आपण बाहेर असताना हलू द्यावी.

डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाचा कण डोळ्यात गेला तर तो चुंबकासारखा चिकटून बसतो. जमिनीवर आडवे होण्यासाठी जुनी सुती सोलापुरी चादर उत्तम. नायलॉनचे कापड ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते.

नट सोडवणे

पाना निवडताना काटकसर करू नये. सहा बाजूंची गोटी (सॉकेट) नटाच्या सपाट बाजू धरते. बारा कोनांची गोटी केवळ कोपऱ्यांवर जोर देते आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करते. फिक्स पाना पहिल्या झटक्यासाठी कधीही वापरू नये. जपानी घडणीच्या गाड्यांत एम-१० (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला सहसा १४ मिलिमीटरचा पाना लागतो आणि एम-१२ ला १७ चा. गंजाने डोके झिजले असेल तर एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवता येते.

सुरुवातीला नट सोडवण्याच्या दिशेने न फिरवता किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्यावा. ही युक्ती विचित्र वाटते, पण गंजाची पकड कोणत्या बाजूने तुटते याला महत्त्व नसते, ती तुटण्याला असते. करकर असा आवाज येऊन नट जरासा हलला की उलट दिशेने फिरवावे, पाव फेरा सोडावा, तेल द्यावे आणि पुन्हा थोडे आवळावे. असे पुढे-मागे करत नट बाहेर काढल्यास गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर पडत राहते. एकाच दमात फिरवत नेले तर तीच भुकटी पुढच्या आट्यांत गोळा होते आणि अर्ध्या वाटेवर नट पुन्हा, आणि या वेळी कायमचा, अडकतो.

आता पाइपविषयी. पान्याला लांब पाइप लावून सर्व वजन टाकणे, हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे आणि माझा नकल त्यानेच बिघडवला होता. थोडे गणित करून पाहू. ६० किलो वजनाचा माणूस ६० सेंटिमीटर लांबीच्या पाइपवर पूर्ण भार टाकतो तेव्हा सुमारे ३५० न्यूटन-मीटर एवढे पीळबळ तयार होते. सामान्य ८.८ प्रतीचा (हा मजबुतीचा आकडा) एम-१० बोल्ट ४५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे आपण त्याच्या सातपट बळ लावत असतो, आणि बोल्ट त्याच्या बऱ्याच आधी तुटतो. म्हणून पाइप लावायचाच असेल तर तो जोर वाढवण्यापेक्षा जोर सावकाश आणि एकसारखा देता यावा यासाठी लावावा आणि हाताला काय जाणवते याकडे पूर्ण लक्ष द्यावे. करकर करत, अडखळत फिरणारा नट सुटत असतो. आवाज न करता, मऊपणे, रबरासारखा फिरणारा बोल्ट मात्र पिळला जात असतो. तो मऊपणा जाणवताच थांबावे. माझा बोल्ट तुटण्यापूर्वी त्याने ही सूचना मला अर्धा फेरा दिली होती, आणि मी तिला यश समजलो.

उष्णता

तेल आणि संयम यांनी नट सुटला नाही तर उष्णता हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पोलाद दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या दहा लाख भागांतील सुमारे बारा भागांनी प्रसरण पावते. एम-१२ नटाचे तापमान बोल्टपेक्षा ३०० अंशांनी वाढवता आले तर त्याचे छिद्र सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. हा आकडा लहान दिसतो, पण गंजाचा थर तोडायला तो पुरतो. यातून हेही कळते की तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. ज्योत दोन्हींवर सारखी फिरवत राहिल्यास दोन्ही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही. ज्योत बारीक ठेवावी, नटाच्या बाजूंवर झटपट फिरवावी आणि नट गरम असतानाच पाना लावावा.

मेणबत्तीचा उपायही येथे करून पाहण्यासारखा आहे. नट इतपत गरम करावा की मेण टेकवताच वितळेल पण पेटणार नाही. मग मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी धरावी. वितळलेले मेण फटीत आपोआप ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. नट लाल होईपर्यंत तापवला असेल तर मेण पेट घेते, म्हणून अशा वेळी तो आधी थोडा निवू द्यावा.

ज्योत पेटवण्यापूर्वी आसपास काय आहे ते नीट पाहावे. ब्रेकची रबरी नळी, अॅक्सलचा रबरी बूट, एबीएसची वायर आणि पेट्रोलची नळी या सर्वांना उष्णतेपासून दूर ठेवणे किंवा पत्र्याची आड देणे आवश्यक आहे. शॉक अॅब्झॉर्बरच्या नळीवर ज्योत कधीही धरू नये. आत तेल आणि पुष्कळदा दाबाखालचा वायू असतो. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी असते आणि आपल्याकडील अनेक जुन्या गाड्यांत सीएनजी किंवा एलपीजीचा किट बसवलेला असतो. अशा गाडीच्या मागच्या सस्पेन्शनवर घरी ज्योत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नुकतेच पेनिट्रेटिंग तेल दिले असेल तर ते पुसून घ्यावे. ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागी तर उष्णता अजिबात देऊ नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी असावी, आणि घरातले आणखी एक माणूस जवळ असावे.

नकल किंवा आर्म लाल होईपर्यंत तापवून त्यावर पाणी ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. जो भाग पुन्हा वापरायचा आहे त्याच्या बाबतीत हे करू नये. अचानक थंड झालेले पोलाद ठिसूळ होऊ शकते, आणि सस्पेन्शनमधील ठिसूळपणा पंढरपूरच्या वाटेवर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना कळतो.

टाय रॉड एंड आणि टेपर

कॅसल नटाची (माथ्यावर खाचा असलेल्या नटाची) स्प्लिट पिन, म्हणजे नट फिरू न देणारी दुपाखी पिन, गंजलेली असते. ती पक्कडीने सरळ करून, पेनिट्रेटिंग तेल देऊन ओढावी, आणि तुटली तर बारीक ड्रिलने काढावी. नट सैल करताना पुष्कळदा मधेच संपूर्ण दांडा नटाबरोबर फिरू लागतो. अशा वेळी सांध्याखाली जॅक लावून दांडा टेपरमध्ये दाबून धरावा, की तो फिरायचा थांबतो. स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकला दांड्याच्या टोकाशी अॅलन कीचे छिद्र किंवा चपट्या बाजू असतात, तेथे धरता येते. छिद्र गंजाने भरलेले असेल तर ते टोचणीने आधी साफ करावे.

नट सुटल्यावर तो पूर्ण न काढता दांड्याच्या टोकाशी दोन-तीन आट्यांवर ठेवावा, म्हणजे सांधा सुटताना उसळणार नाही. मग दांड्याच्या टोकावर न मारता, दांडा ज्या डोळ्यात बसला आहे त्या डोळ्याच्या बाजूवर मारावे. एका बाजूला जड हातोडा टेकवून धरावा आणि समोरच्या बाजूने साधारण एक किलोच्या हातोड्याने खणखणीत घाव घालावा. घाव घातला की डोळा क्षणभर किंचित अंडाकृती होतो आणि टेपर सुटतो. चार-पाच चांगले घाव पंचवीस चाचरत्या घावांपेक्षा अधिक काम करतात. डोळा अॅल्युमिनियमचा असेल तर ही पद्धत टाळून पुलर, म्हणजे स्क्रूच्या ताणाने सांधा सोडवणारे अवजारच वापरावे. पुलरने ताण देऊन ठेवावा आणि तरी न सुटल्यास, तो ताणलेला असतानाच डोळ्यावर एक ठोका द्यावा, ठणकन सुटतो. दोन पाकळ्यांचा काटा ठोकून वेगळे करण्याची पद्धत रबरी बूट फाडते, म्हणून जुना सांधा टाकायचाच असेल तरच ती वापरावी.

टाय रॉड एंड काढण्यापूर्वी तो किती आट्यांवर बसला आहे ते रंगाने खूण करून ठेवावे, म्हणजे अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवून घ्यायला) नेईपर्यंत गाडी सरळ चालते.

माझ्या झेनसारख्या अनेक छोट्या मारुती गाड्यांत लोअर आर्मचा बॉल जॉईंट टेपरने बसत नाही. त्याचा गोल दांडा नकलच्या चिरेत शिरतो आणि आडवा बोल्ट ती चीर आवळतो. हा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जातो, म्हणून तो नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. बोल्ट निघाल्यावर चिरेत बोथट छिन्नी हलकेच ठोकून ती किंचित उघडावी, तेल द्यावे आणि लांब पहारीने लोअर आर्म खाली दाबत नकलवर ठोके द्यावेत. चीर गरजेपेक्षा जास्त फाकवली तर नकलला तडा जातो. आडवा बोल्ट पुन्हा कधीच जुना बसवू नये. त्याची किंमत एका चहा-नाष्ट्याएवढीही नसते.

बुशमध्ये एकजीव झालेला बोल्ट

रबर पिळले जात असल्याची खूण दिसली की प्रथम नट उलटा करून बोल्टच्या टोकाशी सपाट बसेल असा लावावा आणि त्यावर हातोड्याने सरळ घाव घालून बोल्ट मागे सरकतो का ते पाहावे. नट लावल्यामुळे आटे पसरत नाहीत. दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी काम होण्याची शक्यता आहे. डोक्याखाली तेल देऊन पुन्हा आत ठोकावा, पुन्हा बाहेर, असे करत राहावे.

मुळीच सरकत नसेल तर तो वाचवण्याचा विचार सोडून द्यावा. नवा बुश किंवा नवा आर्म आणि नवा बोल्ट आधीच घरात असेल तर हा निर्णय सोपा जातो. म्हणूनच मी नवे भाग हाती आल्याशिवाय जुने सस्पेन्शन उघडत नाही. बोल्ट कापण्याची जागा म्हणजे बुशची बाजू आणि बॉडीचा कंस (ब्रॅकेट) यांच्यामधली फट. तेथे दोन्ही बाजूंना चांगल्या प्रतीच्या एक्सा ब्लेडने कापले की आर्म मधल्या तुकड्यासकट बाहेर येतो. हाताने कापायला एका बाजूला अर्धा तास लागू शकतो. ब्लेडवर तेल सोडत, पूर्ण लांबी वापरत, सावकाश कापावे. ग्राइंडरने हेच काम दोन मिनिटांत होते, पण त्याची चकती अरुंद जागेत अडकते, ठिणग्या थेट गाडीखाली उडतात आणि कंसाला चीर पडण्याची भीती असते. तो वापरायचाच असेल तर चष्म्यावर पूर्ण चेहऱ्याचे आवरण घ्यावे आणि चकतीचे कव्हर काढू नये.

बुशचे रबर जाळून नळी मोकळी करण्याचा मार्गही आहे, मात्र धूर फार घाणेरडा असतो आणि तेल भरलेला बुश तापल्यावर फुटू शकतो. मी तो एकदाच केला आणि पुन्हा केला नाही.

स्ट्रट

स्ट्रट (शॉक अॅब्झॉर्बर आणि स्प्रिंग यांची एकत्र जोडणी) आणि नकल यांना जोडणारे दोन बोल्ट काढताना बोल्टचे डोके स्थिर धरून नट फिरवावा, कारण काही बोल्टच्या मानेवर रेषा असतात आणि बोल्ट फिरवल्यास त्या छिद्र खरवडतात. दोन्ही भागांवर रंगाची रेघ मारून ठेवावी, म्हणजे परत बसवताना कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) फारसा हलत नाही. नकल बाहेर कलू लागला तर तो तारेने बांधावा. त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये.

वरच्या माउंटिंगमधला मधला नट, म्हणजे शॉकअपच्या दांड्याचा नट, गाडीवर असताना किंवा स्प्रिंग दाबल्याशिवाय कधीही सोडू नये. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते आणि हा एकच नट तिला धरून असतो. स्प्रिंग दाबण्याच्या घरगुती दोन हुकांच्या कॉम्प्रेसरवर माझा विश्वास नाही. मी स्ट्रट अख्खा काढून, भिंतीला बसवलेला मोठा कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये नेतो आणि स्प्रिंग तेथेच बदलून आणतो.

बोल्ट तुटलाच तर

तुटलेला तुकडा थोडा जरी बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणे हा मला माहीत असलेला सर्वोत्तम उपाय आहे. नट धरण्यासाठी तर होतोच, शिवाय वेल्डची उष्णता तुकड्याला आतून तापवते आणि तो निवताना आकसतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. तुकडा आत तुटला असेल तर कानशीने माथा सपाट करावा, बरोबर मध्यभागी सेंटर पंचने खूण करावी आणि लहान ड्रिलने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने मोठे करत जावे. येथे मध्य चुकला तर पुढचे सगळे चुकते. एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला तुकडा पकडून फिरवणारा दांडा) फार जपून वापरावा, कारण तो कठीण पोलादाचा असल्याने आत तुटल्यास सामान्य ड्रिल त्याला लागत नाही. नवे आटे पाडायचे झाल्यास १.२५ मिलिमीटर पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) एम-१० साठी ८.८ मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते.

आपल्या शहरात या बाबतीत एक मोठी सोय आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात यंत्रमागांची कामे करणारे लेथवाले आहेत आणि त्यांच्या हाताला बारीक मापाची सवय असते. माझ्या नकलमधला तुटलेला बोल्ट तेथेच निघाला. बुश दाबून काढण्यासाठी हायड्रोलिक प्रेसही अशाच ठिकाणी मिळतो. आर्म देताना नव्या बुशची बसण्याची दिशा जुन्यावरून खूण करून द्यावी, कारण काही बुशमध्ये रबराला मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात आणि बुश फिरला तर गाडीची चालच बदलते.

परत बसवताना

पुढच्या वेळी हाच भाग हाताने सुटावा यासाठीची खरी मेहनत येथे असते. सर्व छिद्रे तारेच्या ब्रशने घासावीत, आट्यांतून टॅप (आटे पाडायचे अवजार) फिरवून गंज काढावा. बुशच्या नळीतून जाणाऱ्या बोल्टच्या गुळगुळीत अंगाला अँटी-सीझ (भाग जाम होऊ न देणाऱ्या) पेस्टचा पातळ थर द्यावा. अडथळा तेथेच तयार होतो. आट्यांना पेस्ट लावल्यास घर्षण कमी होते आणि त्याच आकड्याला आवळलेला बोल्ट प्रत्यक्षात अधिक ताणला जातो, म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तसाच वापरू नये. मी आटे केवळ स्वच्छ आणि कोरडे ठेवतो. टेपरच्या दांड्याला पेस्ट, ग्रीस किंवा तेल काहीही लावू नये.

नायलॉनचे कडे असलेले नट एकदाच वापरायचे असतात. कॅसल नटाची खाच आणि दांड्याचे छिद्र जुळत नसेल तर नट किंचित आणखी आवळावा, मागे सोडू नये, आणि नवी स्प्लिट पिन घालावी.

बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. चाक लोंबकळत असते तेव्हा आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत नळी पक्की झाली, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. सर्व बोल्ट हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढून-मागून दाबून दोन-चार वेळा हलवावी आणि मगच टॉर्क रेंचने (पीळबळ मोजून आवळणाऱ्या पान्याने) अंतिम आकड्यापर्यंत आवळावेत. खाली हात पोहोचत नसेल तर लोअर आर्मखाली जॅक लावून तो गाडीच्या नेहमीच्या उंचीइतका वर घ्यावा, मात्र घोडी तशीच ठेवावी.

अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्यावी. त्याआधी मी होटगी रस्त्यावर सावकाश एक फेरी मारतो, खिडक्या उघड्या ठेवून आवाज ऐकतो, आणि सुमारे १०० किलोमीटर झाल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासतो. तपासलेल्या प्रत्येक बोल्टच्या नटापासून कंसापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवतो, म्हणजे पुढे कधी तो जागचा हलला तर चाक न काढताही बॅटरीच्या उजेडात दिसते.